‘मायक्रोप्लास्टिकमुळे गांडुळं मरतात’: किती प्लास्टिकला, कुठली गांडुळं, कुणाच्या मातीत?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘मातीतील मायक्रोप्लास्टिकमुळे गांडुळांचा मृत्यूदर वाढतो व त्यांची वाढ खुंटते.’ संदर्भ म्हणून पुढे २०१६ चा एक पेपर. मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: ‘किती प्लास्टिकला?’ मला उत्तर देता आलं नाही. मी फक्त ॲबस्ट्रॅक्ट वाचला होता. लाजिरवाणी गोष्ट अशी की तो आकडा ॲबस्ट्रॅक्टमध्येच होता. मी ‘मृत्यूदर वाढला’ एवढं वाचून पुढे गेले होते.

त्याच सुमारास नारायणगावकडच्या मामांचा फोन आला. ते टोमॅटोला मल्चिंग पेपर वापरतात. म्हणाले, “अगं, तू त्या प्लास्टिक आणि गांडुळांवरच पीएचडी करतेस ना? मग सांग, पेपर टाकू का नको?” मॅडमचा आणि मामांचा प्रश्न मुळात एकच आहे, हे समजायला मला तीन-चार महिने लागले. त्या महिन्यांत या विषयातले जे पेपर नीट वाचले, त्यांच्याबद्दल आज लिहिते आहे. तुमच्यापैकी जे नेटची तयारी करत आहेत किंवा पीएचडीच्या प्रवेशासाठी प्रस्ताव लिहीत आहेत, त्यांना पेपर कसा तपासायचा याचा एक नमुना म्हणूनही हे वाचता येईल.

तो प्रसिद्ध पेपर

पेपर आहे एस्पेरान्झा ह्युएर्टा ल्वांगा आणि सहकाऱ्यांचा. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या या गटाने तो २०१६ मध्ये ‘एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ या जर्नलमध्ये छापला. समुद्रातल्या मायक्रोप्लास्टिकवर तोवर पेपरांचा डोंगर झाला होता. मातीकडे मात्र फारसं कुणी बघत नव्हतं. बर्लिनच्या मथियास रिलिग यांनी २०१२ मध्ये एका छोट्या लेखात ‘मातीचं काय?’ असा प्रश्न विचारून ठेवला होता. त्याला प्रयोगाने उत्तर देणाऱ्या पहिल्या कामांपैकी हे एक. म्हणून जो तो तो उद्धृत करतो, मीही केला.

प्रयोग साधा आहे. लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस जातीची गांडुळं मातीत सोडली. ही गांडुळं उभं, खोल बीळ करतात आणि रात्री वर येऊन पालापाचोळा आत ओढून नेतात. म्हणून प्लास्टिक मातीत न मिसळता वरच्या पाचोळ्यात मिसळलं. प्लास्टिक म्हणजे पॉलिथिनची पूड, कण १५० मायक्रॉनपेक्षा लहान. प्रमाण पाचोळ्याच्या कोरड्या वजनाच्या ०, ७, २८, ४५ आणि ६० टक्के. साठ दिवसांनंतर २८, ४५ आणि ६० टक्क्यांच्या गटांत मृत्यू जास्त होते आणि वाढ कमी होती. ७ टक्क्यांच्या गटात मात्र मृत्यू आणि वाढ या दोन्हींत कंट्रोलच्या तुलनेत अशी घट दिसली नाही.

आता माझं वाक्य परत वाचा. त्यात हे ७ टक्के कुठेच नाहीत.

टक्का कशाचा?

‘६० टक्के प्लास्टिक’ वाचून पहिली प्रतिक्रिया येते ती अशी: असं कुठे असतं का? हा तर कचरा डेपो झाला! इथे थांबलात तरीही चुकाल, कारण हा टक्का पाचोळ्याचा आहे, मातीचा नाही. लेखकांनी स्वतःच हिशोब दिला आहे. गांडुळांनी पाचोळा खाली नेऊन मिसळल्यावर संपूर्ण मातीत हे प्रमाण ०.२ ते १.२ टक्के होतं. म्हणजे किलोमागे २,००० ते १२,००० मिलिग्रॅम.

मग प्रत्यक्ष मातीत किती सापडतं? दोन टोकं बघा. स्वित्झर्लंडमध्ये शॉयरर आणि बिगाल्के यांनी नद्यांच्या पूरक्षेत्रातली, तीही संरक्षित भागातली माती तपासली. २०१८ मध्ये छापलेला त्यांचा सर्वांत मोठा आकडा किलोला ५५.५ मिलिग्रॅम आहे. ल्वांगा यांची सर्वांत कमी मात्रासुद्धा याच्या ३६ पट होते. दुसरीकडे सिडनीजवळच्या औद्योगिक भागातल्या मातीत फुलर आणि गौतम यांना २०१६ मध्ये ०.०३ पासून ६.७ टक्क्यांपर्यंत प्लास्टिक मिळालं. हे वरचं टोक ल्वांगा यांच्या सर्वांत मोठ्या मात्रेच्या पाचपटीहून जास्त आहे.

तेव्हा ‘मात्रा अवास्तव आहे’ ही टीका सरसकट करता येत नाही, आणि ‘शेतातली गांडुळं मरत आहेत’ हा निष्कर्षही काढता येत नाही. पेपरच्या मात्रा दूषित जागांच्या जवळपासच्या आहेत. साध्या शेतजमिनीबद्दल बोलायचं तर आधी तिथलं मोजमाप हातात हवं.

विषबाधा की उपासमार?

माझी या पेपरबद्दलची खरी तक्रार इथे आहे. पाचोळ्यात ६० टक्के प्लास्टिक आहे, याचा अर्थ त्या मिश्रणाच्या प्रत्येक घासात पचण्यासारखं फक्त ४० टक्के आहे. लेखकांनाही हे ठाऊक आहे. ७ टक्क्यांच्या गटात विष्ठेत प्लास्टिक सर्वांत जास्त साठलं, याचं कारण देताना ते म्हणतात की त्या मिश्रणात पचणारा भाग सर्वाधिक होता. पाचोळा पचला, प्लास्टिक तेवढं उरलं. पटण्यासारखं आहे. पण मग हाच तर्क उलट्या दिशेने लावून बघा. वरच्या मात्रांमध्ये गांडुळांची वाढ खुंटली ती प्लास्टिकने काही इजा केली म्हणून, की पोटभर खाऊनही अन्नच कमी पडलं म्हणून?

आपल्याकडे तांदळात खडे मिसळून विकणाऱ्याला शिव्या घालतात. तो भात खाऊन माणूस रोडावला तर खडे विषारी होते असं कुणी म्हणत नाही.

हे दोन खुलासे वेगळे करायला आणखी एक गट लागतो: तेवढ्याच आकाराचे, तेवढ्याच प्रमाणात, पण प्लास्टिक नसलेले कण. बारीक वाळू किंवा काचेची पूड चालेल. त्या गटातही गांडुळं तशीच रोडावली, तर दोष ‘न पचणाऱ्या कणाचा’ आहे. प्लास्टिकच्या गटात नुकसान जास्त झालं, तर तेवढा वरचा फरक प्लास्टिकचा. ०, ७, २८, ४५, ६० या मालिकेत असा गट नाही. गांडुळाच्या दृष्टीने उपासमारही वाईटच, हे मान्य. पण संशोधकाला कारण सांगायचं असतं, आणि कारण बदललं की उपायही बदलतो.

त्याच पेपरमधली दुर्लक्षित गोष्ट

मृत्यूच्या आकड्यांमागे सगळे धावतात, पण मला या पेपरमधला सर्वांत मोलाचा निष्कर्ष विष्ठेबद्दलचा वाटतो. पाचोळ्यातल्या प्लास्टिक कणांपैकी ५० टक्के ५० मायक्रॉनपेक्षा लहान होते. विष्ठेतल्या कणांत हे प्रमाण सगळ्या गटांत ९० टक्के निघालं. म्हणजे गांडुळाच्या एका टोकातून आत गेलेला माल आणि दुसऱ्या टोकातून आलेला माल सारखा नाही. लेखक याला आकारानुसार निवडक उत्सर्जन म्हणतात.

मी म्हणेन, इथे आणखी दोन शक्यता उरतात. एक, गांडुळाने मुळातच बारीक कण जास्त गिळले असतील. दोन, गांडुळाच्या पेषणीत, म्हणजे पुस्तकात आपण ज्याची आकृती काढायचो त्या गिझार्डमध्ये, मोठे कण दळले गेले असतील. तिन्ही शक्यतांचा शेवट सारखाच दिसतो. पण पहिली खरी असेल तर गांडूळ चाळणी आहे, दुसरी खरी असेल तर जातं. जातं असेल तर गोष्ट गंभीर आहे, कारण मग ‘शेतकऱ्याचा मित्र’च मोठ्या तुकड्याचं मायक्रोप्लास्टिक करतो आहे. एकाच आकाराचे मोठे कण खायला घालून विष्ठा तपासली, तर यातला गुंता बराच सुटेल. कुणाला एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर घ्या.

बाकीचे काय म्हणतात?

एका पेपरवर वाक्य उभं करू नये, हे आपण ऐकलेलं असतं. पण चार पेपर शेजारी ठेवल्यावर काय होतं ते बघा.

मार्क हॉडसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याच लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिसला पॉलिथिन पिशव्यांचे तुकडे असलेल्या मातीत ठेवलं. प्रमाण ०.३५ टक्के, वर त्या तुकड्यांवर जस्त चढवलेलं. गांडुळांनी तुकडे खाल्ले. मृत्यू वाढले नाहीत, वजन बदललं नाही, शरीरात जस्त साठल्याचाही पुरावा मिळाला नाही.

रॉड्रिगेझ-सेइहो यांच्या गटाने, तेही २०१७ मध्येच, आयसेनिया आंद्रेई वापरलं. पॉलिथिनचे कण २५० ते १,००० मायक्रॉन, मात्रा किलोला १,००० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ०.१ टक्का. जगणं, पिल्लांची संख्या, वजन यांत लक्षणीय फरक नाही. पण ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर इजा आणि प्रतिकारयंत्रणेची हालचाल दिसली.

बूट्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ॲपोरेक्टोडिया रोझिया हे मातीतच राहून माती खाणारं गांडूळ घेतलं. उच्च घनतेचं पॉलिथिन, मात्रा पुन्हा ०.१ टक्का. इथे मात्र वजन घटलं.

म्हणजे ०.१ टक्क्याला एक गट म्हणतो ‘वजनात फरक नाही’, दुसरा म्हणतो ‘वजन घटलं’. दोघंही खरं बोलत असणार. जात वेगळी, कणांचा आकार वेगळा, माती वेगळी, दिवस वेगळे. ‘अभ्यासांत मतभेद आहेत’ असं लिहून पुढे जाणं हा रिव्ह्यू लिहिण्याचा आळशी प्रकार आहे. मी तो दोनदा केला आहे. फरक कशामुळे पडला असेल याचा अंदाज बांधणं, हाच रिव्ह्यूचा खरा भाग. माझा अंदाज असा की कणांचा आकार आणि गांडुळाची खाण्याची सवय हे दोन घटक नुसत्या टक्क्यापेक्षा जास्त बोलतात. रॉड्रिगेझ-सेइहोंच्या कामातून आणखी एक धडा मिळतो: मृत्यू दिसला नाही याचा अर्थ काहीच झालं नाही, असा होत नाही.

हिंजवडीत कुठलं गांडूळ?

मी नमुने घेते ते हिंजवडी आणि माण या बाजूला. वर मुरूम, कुठे काळी माती, आणि जिथे आयटी पार्कचं लँडस्केपिंग आहे तिथे बाहेरून आणलेली लाल माती. लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस हे युरोपातलं, थंड हवेतलं गांडूळ. ते इथे कुणी शोधूही नये. मग मी प्रस्तावात आयसेनिया फेटिडा लिहिलं, कारण ओईसीडीच्या २०७ आणि २२२ क्रमांकाच्या प्रमाणित चाचण्यांत तेच असतं, आणि गांडूळ खतवाल्यांकडे किलोवर मिळतं. मॅडमचा दुसरा प्रश्न: “हे तुझ्या मातीत राहतं का?” नाही राहत. आयसेनिया कुजणाऱ्या पदार्थांत राहणारं गांडूळ आहे. शेतातल्या मातीत त्याचं पोट भरत नाही.

प्रमाणित चाचणीची मातीही बघा: १० टक्के पीट, २० टक्के केओलिन चिकणमाती, ७० टक्के वाळू, तापमान २० अंशांच्या आसपास. जगभरच्या प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी ताडून बघता यावेत म्हणून ही कृत्रिम माती आहे आणि त्या कामाला ती उत्तम आहे. पण आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती केओलिन नव्हे. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. मे महिन्यात तिला हात घालता येईल अशा भेगा पडतात. रिलिग यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की गांडुळं पॉलिथिनचे मणी पृष्ठभागावरून खाली नेतात, आणि सर्वांत लहान मणी सर्वांत खोल जातात. काळ्या मातीत हाच प्रयोग केला तर भेगांतून गांडुळाशिवायच प्लास्टिक खाली पडेल. इथे गांडुळाचा वाटा किती आणि भेगेचा किती, हे वेगळं मोजावं लागेल. युरोपातल्या पेपरला हा प्रश्न पडला नाही, यात त्याचा दोष नाही. तो आपल्याला पडायला हवा.

म्हणून काय, आयसेनिया बाद? तसंही नाही. हिंजवडीच्या सोसायट्यांमधले खताचे खड्डे आठवा. ओल्या कचऱ्यात दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा असतो, बिस्किटाच्या पुड्याची फीत असते, फळांवरचे स्टिकर असतात. तिथे आयसेनियाच राबत असतं. त्या खड्ड्याबद्दल प्रश्न विचारायचा तर तेच योग्य गांडूळ. भारतातल्या शहरी कंपोस्टच्या मानकात ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जावा अशी अट आहे. मायक्रोप्लास्टिकची व्याख्या ५ मिलिमीटरपेक्षा लहान. म्हणजे त्या चाळणीतून खताबरोबर बहुतेक सगळं मायक्रोप्लास्टिकही सुखाने जाणार. खड्डा ते बाग ते शेत हा प्रवास अभ्यासायला कुणी तरी हवं आहे.

मामांचा हिशोब

आता मामांकडे. २५ मायक्रॉनचा मल्चिंग पेपर धरू. पॉलिथिनची घनता घनसेंटिमीटरला ०.९२ ग्रॅम, म्हणजे एक चौरस मीटर पेपरचं वजन २३ ग्रॅम. त्याखालची १५ सेंटिमीटर माती, घनता १.३ धरली तर १९५ किलो. सगळाच्या सगळा पेपर त्या मातीत राहिला आणि त्याचा भुगा झाला, तरी प्रमाण किलोला ११८ मिलिग्रॅम. दर हंगामात दहावा हिस्सा मागे राहतो असं समजू. हा माझा गृहीत आकडा आहे, मोजलेला नाही. मग बूट्स यांच्या ०.१ टक्क्यापर्यंत पोचायला सुमारे ८५ हंगाम लागतील. मामा खूश!

पण थांबा. हे तुकडे १५ सेंटिमीटरमध्ये सारखे पसरले, असं कुणी सांगितलं? ते वरच्या एका सेंटिमीटरमध्येच राहिले तर भागाकारात १९५ ऐवजी १३ किलो येतात, आणि ८५ हंगामांचे सहा होतात. पेपर तोच, शेत तेच. मी फक्त छेद बदलला. आणि पाचोळा खाणारं गांडूळ तर वरच्याच थरात जेवतं. कोणत्याही पेपरमध्ये ‘मातीतील प्रमाण’ दिसलं की आधी नमुना किती खोलीचा होता ते शोधा, असं मी आता ज्युनिअर्सना सांगते ते यामुळे.

मामांना मी सांगितलं ते एवढंच: पेपर टाका, पण जरा जाड घ्या म्हणजे काढताना फाटत नाही, आणि पीक निघाल्यावर रोटाव्हेटर मारायच्या आधी तो गोळा करा. एकदा रोटाव्हेटरची पाती फिरली की मग कुणाच्या हाती काही लागत नाही. मामा म्हणाले, “हे सांगायला पीएचडी कशाला लागते?” बरोबर आहे. पण ‘गांडुळं मरतात, पेपर टाकू नका’ असं बेधडक न सांगायला मात्र थोडी लागली.

मी काय बदललं

प्रयोगाचा आराखडा पुन्हा लिहिला. आयसेनियाऐवजी लॅम्पिटो मॉरिटी, जे आपल्या दक्षिण भारतातल्या मातीत बिळं करून राहतं. विकत मिळत नाही, पावसाळ्यात खणून गोळा करावं लागतं. मात्रा खाली आणल्या आणि वाळूच्या कणांचा एक गट वाढवला. शुद्ध पुडीबरोबर शेतात उन्हाने कडक झालेल्या पेपरची पूडही घेतली, कारण प्रत्यक्षात गांडुळापुढे येतं ते तेच. एका कुंडीत दहा गांडुळं ठेवली तरी कुंडी एकच मोजायची, हेही आता पक्कं. पाच कुंड्या म्हणजे एन पाच, पन्नास नव्हे.

याची किंमत आहे. एक पावसाळा गेला. मात्रा कमी असल्यामुळे ‘काहीच फरक नाही’ असा निकाल यायची शक्यता वाढली, आणि तसा निकाल छापून आणणं किती अवघड असतं हे तुम्ही कुठल्याही सिनिअरला विचारा. ६० टक्के घातले असते तर काहीतरी नक्की मेलं असतं आणि पेपरही झाला असता. हा मोह खोटा नाही. या विषयात मोठ्या मात्रांचे प्रयोग का दिसतात, याचं निम्मं उत्तर या मोहात असावं असं मला वाटतं.

तुम्ही प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक पेपरला एवढं विचारा: मात्रा किती, आणि टक्का कशाचा? कण कुठल्या प्लास्टिकचे, केवढे, नवे की जुने? अन्न सगळ्या गटांत सारखं होतं का? प्लास्टिक नसलेल्या कणांचा गट आहे का? गांडूळ कुठलं, आणि ते त्या मातीत राहतं का? ल्वांगा यांच्या पेपरला यातल्या काही प्रश्नांची उत्तरं स्वच्छ देता येतात, काहींची नाही. तरीही तो चांगला पेपर आहे, कारण आपल्याला तो खोडता येईल इतक्या उघडपणे त्याने आकडे मांडले आहेत. वाईट होतं ते माझं वाक्य.

ते वाक्य आता असं आहे: ‘पाचोळ्यात कोरड्या वजनाच्या २८ टक्के किंवा अधिक पॉलिथिन असताना लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिसचा मृत्यूदर साठ दिवसांत वाढला. ७ टक्क्यांना वाढला नाही. हा परिणाम कणांचा की अन्न कमी पडल्याचा, हे या रचनेतून ठरत नाही.’ लांबलं आहे, मान्य. पण यावेळी मॅडमनी त्याखाली काही लिहिलं नाही.